मुलाने आणलेला टीव्ही

शनिवार, तेवीस ऑगस्ट. काम: आईसाठी टीव्ही घेणे. दुपारनंतर रजा. सोबत सुतळी आणि एक जुना चष्मा.

सुतळी सव्वासात फुटांची होती. आदल्या रविवारी दिंडोशीला भावाच्या घरी गेले असताना आईच्या खुर्चीपासून समोरच्या भिंतीपर्यंत ताणून कापून आणलेली. भावजयीला वाटलं, मी खिडकीच्या पडद्यांचं माप घेतेय. मी वाटू दिलं. चष्मा आमच्या दुकानातला. बोरीवलीत एका चष्म्याच्या दुकानात मी एकोणीस वर्षं काम करते. बिननंबरच्या काचांची एक टाकाऊ फ्रेम घेतली आणि दोन्ही काचांच्या मधोमध एकेक मोठी मरून टिकली चिकटवली. ती डोळ्यांवर चढवली की कडेचं सगळं दिसायचं आणि ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं व्हायचं. आईला दोन वर्षांपासून असं दिसतं. मोतीबिंदू नाही, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे. वयाबरोबर येतो, चष्म्याने सुधारत नाही. हे मी काउंटरवर दर आठवड्याला कोणाला ना कोणाला समजावून सांगते. आईला मात्र मी 'बघू, काहीतरी औषध निघेल' एवढंच म्हणाले होते.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. आधी पेपर सुटला, मग तांदूळ निवडणं, मग एकटीने खाली उतरणं. उरला टीव्ही. भाऊ सांताक्रूझला विमानतळावर मालाच्या विभागात आहे, भावजय अंधेरीला एका कुरियरवाल्याच्या ऑफिसात, भाची दहावीला, म्हणजे शाळा आणि क्लास. सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत आई घरात एकटी असते. तेवढ्या वेळात तिचं ठरलेलं होतं. सकाळी कीर्तन, जेवताना जुन्या मालिका, चारला बातम्या. बातम्यांत तिला देशाचं काही पडलेलं नसतं. आमच्या गावाकडच्या तालुक्याचं नाव येतंय का, एवढंच ती ऐकते. घाट बंद झाला की तिला आमच्या आधी कळायचं.

तिचा टीव्ही चोवीस इंची होता, बारा वर्षं जुना. त्याच्यापासून हातभर अंतरावर स्टूल घेऊन, मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने ती बघायची. भावजय म्हणायची, "अशा चिकटून बसतात, आहेत ते डोळेपण जातील." चिकटून बसल्याने डोळे जात नाहीत, हे मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, टीव्हीच मोठा घ्यायचं ठरवलं. आईने खुर्चीत पाठ टेकून बसावं, हवं ते बघावं आणि दिवसभरात त्यासाठी कोणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये. मला एवढंच पाहिजे होतं.

अडचण एकच होती. आई मुलीचं घेत नाही.

हे बोलण्यापुरतं नाही. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. आई माझ्याकडे आली की चहाचा कप तोंडाला लावायच्या आधी ओट्यावर दहा रुपयांची नोट ठेवते. पूर्वी दोनची ठेवायची, महागाईप्रमाणे वाढवली. जेवली तर पन्नास. "चेडवाच्या घरचा फुकट खावचा नसता," म्हणते. आई मालवणीतच बोलते. आम्ही भावंडं तिला मराठीतून उत्तरं देतो. मी एकदा मिक्सर दिला, तो सहा महिने खोक्यात ठेवून दिवाळीला मलाच भाऊबीजेच्या ताटातून परत दिला, वर साडी. माझ्या नवऱ्याला तेव्हा फार हसू आलं होतं. मला आलं नव्हतं.

मुलाचं मात्र ती घेते. मुलाचं घेणं म्हणजे घेणंच नाही, ते तिचंच. खरं तर ते घरही तिचंच म्हणायला हवं. बाबा गिरणीत होते, त्यांची लालबागची खोली विकून दिंडोशीचा फ्लॅट झाला. पण तो विषय घरात कोणी काढत नाही, मीही नाही.

म्हणून भावाला फोन केला.

"टीव्ही मी घेते. आईला सांगायचं, तू आणलास."

"अगं पण ताई, तिला कळलं तर?"

"कोण सांगणार? तू?"

"अर्धे मी देतो ना मग."

"आधी पोरीच्या क्लासची फी भर."

"बरं बाई," तो म्हणाला. फार ताणलं नाही त्याने. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट काम सोपं झालं असं वाटलं. भावजयीलाही त्याने सांगायचं नाही असं ठरलं, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. म्हणजे ही गोष्ट जगात आम्हा दोघांनाच माहीत.

टीव्हीचं दुकान आमच्या दुकानापासून चार इमारती सोडून. गणपतीच्या आधीचा शनिवार, त्यामुळे दारात झेंडूच्या माळा, आत गर्दी आणि सगळ्या भिंतींवर एकच समुद्र, एकच मासे. विक्रेता तिशीतला, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा.

"मॅडम, किती इंचीमध्ये बघताय?"

"ते मी ठरवते. इथून सव्वासात फूट मागे सरकायला जागा करा."

त्याने माझ्या हातातल्या सुतळीकडे बघितलं. मग मी चष्मा काढून घातला आणि त्याने टिकल्यांकडे बघितलं. पलीकडच्या त्याच्या जोडीदाराला तो डोळा मारतोय, हे मला कडेने स्वच्छ दिसलं. टिकल्या मध्ये होत्या ना.

"कोणासाठी घेताय?"

"आईसाठी. अठ्ठ्याहत्तर वय आहे."

"अरे, मग हा बत्तीस इंची बास झाला. आजींना काय लागतंय."

हे 'बास' मी एकोणीस वर्षं ऐकतेय. आईला घेऊन मुलगे येतात, स्वतःसाठी हलक्या काचा, चकाकी न येणाऱ्या, फ्रेम दोन-दोन तास निवडतात. आईची पाळी आली की म्हणतात, "तिला साधी द्या, घरातच असते." मी साधी देते. माझं काम विकणं आहे, शिकवणं नाही. त्या दिवशी मात्र मी गिऱ्हाईक होते.

"समुद्र काढा. बातम्या लावा. खाली अक्षरं धावतात तो चॅनेल," मी म्हटलं.

बत्तीसवर काही जमलं नाही, माणसाचं डोकं टिकलीत गडप व्हायचं. चाळीसवर थोडं दिसलं. त्रेचाळीसवर बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा टिकलीच्या बाहेर उरला आणि खालच्या पट्टीतली मोठी अक्षरं कडेने उचलता आली. पंचावन्न आणखी चांगला होता, पण तो माझ्या आवाक्यात नव्हता. आईच्या खोलीतल्या भिंतीच्याही नव्हता. नावाजलेल्या कंपनीचा त्रेचाळीस परवडत नव्हता. मग कोपऱ्यातला एक बघितला, कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. नावाजलेल्या कंपनीच्या बत्तीसच्या किमतीत हा त्रेचाळीस.

"बिघडला तर?"

"दोन वर्षं वॉरंटी. माणूस घरी येतो."

"कुठून येतो?"

"मुलुंडहून."

"म्हणजे येत नाही."

तो हसला, "येतो मॅडम, फोन करत राहायचा."

मी चाळीस मिनिटं तिथे होते. बाजूने बघितलं, उजेड पाडून बघितलं, आवाज एकदम बारीक करून बघितला, कारण आईला ऐकायला चांगलं येतं आणि शेजारी तक्रारखोर आहेत. चष्मा काढून, घालून, एक डोळा झाकून. शेवटी विक्रेत्यानेच तो चष्मा मागून घेतला, घालून टीव्हीसमोर उभा राहिला आणि मान वाकडी करून बघू लागला. मग म्हणाला, "असं दिसतं त्यांना?" आणि किंमत आणखी थोडी खाली आणली.

भाऊ सही करायला आला, कारण बिल त्याच्या नावावर व्हायचं होतं. त्याला टीव्ही आवडला. उंचीला लावला तर किती छान दिसेल वगैरे. तेवढ्यात विक्रेत्याने विचारलं, जुना टीव्ही बदल्यात देणार का, अजून सूट बसेल.

"देऊन टाकू ताई. नाहीतरी जागा अडवतो," भाऊ म्हणाला.

"दे," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही. रिमोट खोक्यात होता, खोकं सीलबंद, आणि तो काढून दाखवा असं मला सुचलं नाही. चाळीस मिनिटांत एकदाही नाही.

सोमवारी टीव्ही लागला. मी बुधवारी, गणपतीच्या दिवशी गेले. आमचा गणपती गावाला असतो, काकांकडे. त्यामुळे मुंबईतले राहिलेले नातेवाईक त्या दिवशी एकमेकांकडे जातात. भावाकडे माझी मावशी, तिचे मुलगे-सुना, सगळे बसले होते. आईने टीव्हीच्या खालच्या काळ्या पट्टीवर हळद-कुंकू लावलं होतं. कडेने बघत लावल्यामुळे ते बरंच डावीकडे गेलं होतं.

"बघ गो," मला बघितल्यावर ती भावाकडे बोट करून म्हणाली, "झिलान हाडल्यान. मी मागलंय पण नाय."

"छान आहे," मी म्हटलं.

"हिथून दिसता. खुर्चीतसून. तुझा तोंड दिसत नाय, पन तिचा दिसता," असं म्हणून तिने टीव्हीतल्या बाईकडे बोट केलं. सगळे हसले. मावशी भावाला म्हणाली, "आईचं केलंस रे बाबा. हल्ली कोण करतं?" तो म्हणाला, "तिच्यासाठीच घेतला. डोळ्यांचा त्रास आहे ना, मग मीच म्हटलं, त्रेचाळीसच्या खाली नको." माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मी मोदक वाढायला उठले. ठरल्याप्रमाणेच चाललं होतं, तक्रार करायला जागा नव्हती.

त्यानंतर पाच आठवडे मी गेले नाही. आमच्याकडे सासरे आजारी होते, दुकानात दसऱ्याची गडबड. आईशी फोनवर बोलायचे. "टीव्ही बघतेस ना?" "बघतंय तर." एवढ्यावर मी समाधानी होते.

सप्टेंबर संपत आला असताना एका गिऱ्हाइकाचा चष्मा गोरेगावला पोचवायचा होता. मंगळवार, दुपारचे पावणेदोन. तिथून रिक्षाने दहा मिनिटं, म्हणून न सांगता आईकडे गेले. तिने चालत येऊन दार उघडलं आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसली. टीव्ही चालू होता. आवाज नव्हता.

पडद्यावर सिनेमांची पोस्टरं होती. चौकटी चौकटींत, रांगेने. वर एक मोठं चित्र, ते थोड्या वेळाने सरकायचं आणि दुसरं यायचं. बंदूक घेतलेला माणूस. मग दोघं समुद्रकिनाऱ्यावर. मग कार्टूनमधलं अस्वल. मग परत बंदूक.

"काय बघतेस?"

"ह्याच. चित्रा येतत, जातत. रंग बरे आसत."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

मी आधी समजले, आज काही बिघडलंय. मग एकेक विचारत गेले. केबल एक तारखेलाच बंद केली होती. टीव्हीत सगळं इंटरनेटवर दिसतं, मग केबल कशाला, असं भावाने ठरवलं. भाची सकाळी क्लासला जाताना आजीला एक कीर्तन लावून देते. ते संपलं की आणखी एक-दोन आपोआप लागतात. मग टीव्ही मधेच थांबतो आणि पडद्यावर विचारतो, अजून बघताय का. आईला ती अक्षरं दिसत नाहीत. चित्र थांबलं एवढंच कळतं. ती रिमोटचं काहीतरी दाबते आणि मग ही पोस्टरं येतात. साडेदहाला. भाची येते साडेपाचला.

"मालिका? बातम्या?"

"त्या आता नाय लागत यात. ह्यो नवीन हा ना."

मी रिमोट हातात घेतला. वीतभर, गुळगुळीत, काळा. वर एक गोल कडं, खाली सात-आठ बटणं, सगळी एका आकाराची. त्यावर आकडे नव्हते. एकही नाही. जुना रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असायचा आणि त्यावरचे आकडे कधीच पुसले गेले होते, पण आईला ते लागत नव्हते. वरून दुसरी ओळ, मधलं, मग त्याच्या खालचं दोनदा, की बातम्या. अंधारातही लावायची. मी तिच्या डोळ्यांचं माप घेतलं होतं, खोलीचं घेतलं होतं. तिची बोटं बघितली नव्हती. आणि तो जुना टीव्ही रिमोटसकट आम्ही देऊन टाकला होता. बदल्यात.

तासभर मी तिला शिकवायचा प्रयत्न केला. कडं खाली, खाली, उजवीकडे, मधलं दाब. ती दाबायची आणि बघायला मान वर करायची, तेवढ्यात अंगठा सरकायचा. निळी चौकट कुठल्या पोस्टरवर आहे हे तिला दिसतच नव्हतं. दिसणार कसं, ती नेहमी तिच्या नजरेच्या मधोमध. मग माइकचं बटण दाखवलं. "यात बोल, कीर्तन लाव म्हण."

"यंत्राशी बोलू मी? लोका येडी म्हणतली."

"घरात कोण आहे ऐकायला?"

"मी आसय ना."

मी रिमोट खाली ठेवला.

"सांगितलं का नाहीस कोणाला?" मी विचारलं. "फोनवर मला तरी?"

तेव्हा ती पहिल्यांदा चिडली. "तेणा येवढ्या हौशीन हाडल्यान. माका लावूक येना नाय म्हटलंय तर तेका वायट वाटतला. तिनदा दाखवल्यान तेणा. आता परत खय विचारू? तू काय बोलू नको हां तेका."

म्हणजे असं झालं होतं. मी आणलेला असता तर तिने पहिल्याच दिवशी 'घेऊन जा तुझा डबा' म्हटलं असतं आणि मी तो बदलून आणला असता. मुलाने आणला म्हणून ती पोस्टरं बघत बसली. रोज सात तास. महिनाभर.

मी दुकानात फोन करून सांगितलं की आज येत नाही. भावाची वाट बघत बसले. साडेपाचला भाची आली, तिने दप्तर टाकायच्या आधी रिमोट उचलून आजीला बातम्या लावून दिल्या, दोन सेकंदांत, न बघता. पोरीचा काही दोष नाही. साडेसहाला भावजय, सातला भाऊ. मी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. भावजय तिथेच कणीक मळत होती.

"केबल परत चालू कर," मी हळू आवाजात म्हटलं. "आईला हा रिमोट जमत नाही. ती दिवसभर पोस्टरं बघते."

"कोण म्हणालं? ती म्हणाली?"

"मी बघितलं."

"ताई, मी तिला तीनदा शिकवलंय. शिकेल हळूहळू. लोकांच्या आया व्हिडिओ कॉल करतात."

"लोकांच्या आयांना दिसतं."

"आणि नेटचे पैसे भरतोच आहे ना? परत केबलचे वेगळे कशाला? एकाच टीव्हीला दोन-दोन?"

"ते मी भरते."

भावजयीचे हात थांबले. "तुम्ही कशाला भराल ताई? आम्ही काय त्यांना उपाशी ठेवतो? तुम्ही महिन्यातून एकदा येता, बघता आणि बोलून जाता. रात्री त्यांना बाथरूमला कोण नेतं? एवढं वाटत असेल तर घेऊन जा ना चार महिने."

मला जोरात बोलता आलं असतं, पण तिचं खरं होतं. आई मुलीकडे दोन रात्रींच्या वर राहत नाही हे एक कारण, ते मी सगळ्यांना सांगते. दुसरं म्हणजे माझ्याकडे आजारी सासरे आहेत, दीड खोली आहे आणि मला ती जबाबदारी नको आहे. हे मी कोणाला सांगत नाही. भावजयीने ओळखलेलं आहे.

"मी फक्त टीव्हीचं बोलतेय," मी म्हटलं.

आणि मग भाऊ म्हणाला, "ताई, टीव्ही मी आणलाय ना? मग तिला काय लागतं ते मला कळतं. जरा तिला वेळ दे."

मी त्याच्याकडे बघितलं. वाटलं, बायकोसमोर आहे म्हणून बोलला, आता डोळ्याने काही खूण करेल. त्याने केली नाही. तो नाटकही करत नव्हता. मावशीला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, खालच्या वॉचमनलासुद्धा सांगितलं असेल. पाच आठवडे सांगून सांगून त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. दुकानात तो वीस मिनिटं होता, सुतळी त्याने बघितलीसुद्धा नव्हती.

"काय चल्ला हा गो थंय?" आईने बाहेरून विचारलं.

त्या क्षणी बोलून टाकावं असं फार वाटलं. चार शब्द होते. बाहेर जाऊन म्हणायचं, टीव्ही मी आणलाय, त्याने नाही. भावजयीचं तोंड बंद झालं असतं, भावाचं उतरलं असतं, माझ्या जिवाला बरं वाटलं असतं. पण आईचं काय झालं असतं ते मला नीट माहीत होतं. तिने भिंतीवरचं बटण बंद करायला लावलं असतं आणि काळ्या काचेसमोर बसून राहिली असती. मुलीचं घेतलं, तेही फसवून, ही टोचणी वेगळी. आणि मुलाने आपल्यासाठी हौसेने काही आणलं, हे तिच्याकडचं गेलं असतं. तिच्याकडे आता फार काही नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "कणकेत मीठ जास्त झालं."

"मीठ मी अजून घातलंच नाही," भावजय म्हणाली.

मी पर्स उचलली. आई म्हणाली, "जेवान जा." मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी दिंडोशीत केबलवाल्याच्या ऑफिसात होते. ऑफिस म्हणजे जिन्याखालची जागा, तारांची भेंडोळी आणि एक पंखा. पन्नाशीचा माणूस चहा पीत होता. इमारत आणि खोली नंबर सांगितला.

"ते कनेक्शन कट केलंय. त्यांचाच फोन आलेला."

"परत जोडायचं. आजच."

"मग त्यांना फोन करायला सांगा."

"मी बहीण आहे त्यांची. सहा महिन्यांचे रोख देते."

त्याने कप खाली ठेवला आणि पावतीपुस्तक ओढलं. मी त्याला सांगितलं की दहानंतर जा, घरात फक्त आई असेल, दार उघडायला तिला वेळ लागतो, बेल एकदाच मारायची. भिंतीवरचं बटण दाबलं की टीव्हीवर थेट चॅनेल दिसला पाहिजे, ती पोस्टरं नाही. तसं सेटिंग असतं. तो म्हणाला, असतं, करून देतो. रिमोट आकड्यांचाच असतो ना, हे मी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा तो काढून दाखवायला लावला. आकडे होते. पाचवर बोटाला लागेल असा उंचवटा होता. त्यावर बोट फिरवून मी त्याला परत दिला.

"जाताना तिला बातम्यांचा आणि कीर्तनाचा आकडा पाठ करून घ्या. तिच्या लक्षात राहतं. आणि विचारेल, कोणी पाठवलं. मुलाने, म्हणायचं."

"त्यांनीच बंद केलं आणि त्यांनीच पाठवलं?"

"हो."

"मला काय," तो म्हणाला आणि पेन उघडलं. "नाव?"

मी भावाचं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांचं नाव आणि आडनाव धरून. मोबाइल नंबर माझा दिला, कारण पैसे संपल्याचा मेसेज त्यावर यायला हवा.

बाहेर येऊन भावाला लिहिलं: केबल तुझ्या नावाने चालू केली आहे. आईने विचारलं तर हो म्हण. दोन मिनिटांनी त्याच्याकडून अंगठा आला.

पावणेअकराला दुकानात पोचले. मालकांनी उशीर का विचारलं. बँकेत काम होतं म्हणाले आणि काउंटर पुसायला घेतला.